नोंद सतरा, नोंद बासष्ट

लातूर, २० मे २०२३

आदरणीय उद्धवकाका,

सलाम. अब्बू म्हणाले, काकांच्या कानातलं मशीनही आता कामाचं राहिलं नाही, फोन करू नकोस, पत्र लिही. शाळा सुटल्यापासून मी पत्र लिहिलेलं नाही. चुका होतील. त्या लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नका, एवढी विनंती.

तुम्ही दुकानात बसून विचारलंत म्हणे, की मोहियोद्दीन बाइंडरची पोरगी लातुरात नेमकं करते काय. सांगते. वेबसाइटचं पान तुम्ही पाहिलं असेल. त्या पानामागे एक खिडकी असते. तिच्यातून अर्ज आत जातो आणि उत्तर बाहेर येतं. तिला एपीआय म्हणतात. ती खिडकी नीट उत्तरं देते की नाही, हे मी तपासते. त्यासाठी एक हलकंसं साधन आहे. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. साध्या फाइलमध्ये मी आधी लिहून ठेवते, की हा अर्ज पाठव, उत्तराचा क्रमांक दोनशे यायला हवा, उत्तरात अमुक शब्द हवेत. साधन जाऊन विचारून येतं. जुळलं तर हिरवी ओळ, नाही जुळलं तर लाल. सेकंदही लागत नाही.

आमचं ऑफिस दोन खोल्यांचं. मालक सर्वेश, वयानं माझ्याहून चारच वर्षं मोठा. त्याला एका मोठ्या क्लासचं काम मिळालं आहे. क्लासचं नाव लिहीत नाही, तुम्ही त्यावर भाषण कराल. भूकंपाला यंदा तीस वर्षं होतात म्हणून ते पुनर्वसित गावांतल्या मुलांना अकरावी-बारावीसाठी तीस जागा मोफत देणार आहेत, राहण्याजेवणासकट. आधी अर्ज येईल त्याला आधी जागा. एका भूकंपग्रस्त कुटुंबाला एकच जागा. अर्ज पंचवीस तारखेपासून घेणार.

लोक एकाच घरातून दोन अर्ज करतील, अशी सर्वेशला भीती होती. म्हणून मी एक चाचणी लिहिली. पालकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि गाव सारखं असेल, तर दुसरा अर्ज पहिल्याच कुटुंबात गेला पाहिजे. ओळ हिरवी आली. सर्वेशनं सगळ्यांसमोर शाबासकी दिली. सगळे म्हणजे मी आणि चहावाला.

अम्मी तुमची आठवण काढत असते.

तुमची
नाजिया


नांदेड, २५ मे २०२३

चि. नाजिया,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तुझ्या अब्बूच्या दुकानात मोठ्यानं वाचलं. रस्त्यावरचे चार लोक थांबले. बहिऱ्याला स्वतःचा आवाज किती मोठा ते कळत नाही, आणि मला तो तसाही कधी कळला नाही.

क्लासचं नाव लिहिलं नाहीस, तरी भाषण ऐकावंच लागेल. ज्या जिल्ह्यात सरकारी शाळेला शास्त्राचा मास्तर मिळत नाही आणि क्लासच्या भिंती काचेच्या होतात, तिथे हुशारी वाढलेली नसते, फक्त तिची विक्री वाढलेली असते. पोरं नांदेडला येतात, लातूरला जातात, खोलीच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवतात आणि दोन वर्षं आभाळ बघत नाहीत. तीस जागा मोफत दिल्या म्हणून मी टाळ्या वाजवणार नाही. पण ज्या पोरांना त्या मिळतील त्यांनी त्या घ्याव्यात. दोन्ही मतं माझीच आहेत.

तुझ्या साधनाविषयी एक शंका. पेपर तू काढतेस, आदर्श उत्तर तू लिहितेस, तपासतेसही तूच. मग ती हिरवी ओळ कुणाला मिळाली? खिडकीला की तुला? पस्तीस वर्षं मी पेपर तपासले. मुलांच्या चुका सापडायच्या. प्रश्नातली चूक कधी सापडली नाही, कारण ती शोधायची असते हेच डोक्यात नव्हतं.

आणि जन्मतारखेवर एवढी भिस्त ठेवू नकोस. मी औसा तालुक्यातल्या पानसळवाडीला मुख्याध्यापक होतो, तुला ठाऊक आहे. भूकंपात शाळा गेली, रजिस्टरंही गेली. नोव्हेंबरात पत्र्याच्या शेडमध्ये शाळा उघडली. तुझ्या अब्बूनं कापडी पुठ्ठ्याची नवी रजिस्टरं बांधून एसटीनं पाठवली. एका दिवसात एकसष्ट मुलं दाखल केली. जन्मतारीख विचारली की आया सांगायच्या, "पोळ्याच्या आदल्या दिशी," "कडब्याला आग लागली त्या साली." मी सगळ्यांना एक जून लावला. वर्ष तेवढं दात बघून. आज त्या गावातली चाळिशीच्या आतबाहेरची सगळी माणसं एकाच दिवशी जन्मलेली आहेत, आणि त्यांचा ब्रह्मदेव मी आहे. ती हजेरी आजही तोंडपाठ म्हणून दाखवीन, एकापासून एकसष्टपर्यंत.

तुझ्या आईची जन्मतारीखही विचारून बघ.

आशीर्वादांसह,
उद्धव कंधारकर


लातूर, ८ जून २०२३

आदरणीय काका,

अम्मीची एक जून आहे. अब्बूंचीही. दोघांचे फॉर्म मीच भरत आले, आणि चाचणी लिहिताना हे डोक्यात आलं नाही.

तुमचं पत्र वाचून मी त्याच दिवशी सगळे अर्ज चाळले. एकेचाळीस पालक एक जूनचे. पण नाव, वडिलांचं नाव आणि गाव वेगवेगळं असल्यामुळे कुणी कुणात मिसळलं नव्हतं. फक्त एक जोडी सोडून. शिवमूर्ती गुरुपादप्पा बिराजदार, १ जून १९८६, पानसळवाडी. एक अर्ज महानंदाचा. अकरा मिनिटांनी दुसरा, सिंधुचा. दोघींना उत्तर दोनशे, दोघींना "अर्ज मिळाला". पण कुटुंब क्रमांक एकच, एकोणीस. निवडयादीत महानंदाचं नाव आलं, सिंधुचं आलं नाही. माझ्या चाचणीप्रमाणे हे अगदी बरोबर आहे.

सोमवारी सिंधुची आई ऑफिसात आली. साखराबाई. चप्पल दाराबाहेर काढून आत आली, इथे कुणी काढत नाही.

"आमच्या पोरीचं नाव न्हाई यादीत."

सर्वेशनं पडद्यावर बघितलं. "मावशी, तुमचा एक अर्ज लागलाय की. महानंदा."

"ती जावंची."

"पालक शिवमूर्ती गुरुपादप्पा. तुमच्या मालकांचं नाव काय?"

"म्या कसं घिऊ? आत्ता तुमीच घेतलं की."

"म्हणजे तेच. एक माणूस, दोन अर्ज."

"दोन माणसं हायती. जावंचा थोरला, आमचा धाकटा."

सर्वेश हसला. "सासूबाईंना दुसरं नाव सुचलं नाही का?"

ती हसली नाही. "उद्या दोघास्नीबी आणून हुबं करते हितं. मोजून घ्या."

आणि खरंच आणलं. दोघं शेजारी उभे राहिले, दोघांच्या हातात आधार कार्ड. थोरला उंच, एका पायानं लंगडत चालतो. धाकटा बुटका, गोरा. सर्वेशनं क्लासच्या व्यवस्थापकांना फोन लावला. उत्तर असं आलं, की दोन माणसं असतील तर असोत, नियम माणसाचा नाही, कुटुंबाचा आहे. दोघांचा बाप गुरुपादप्पा, भूकंपग्रस्त कुटुंबाचा दाखला एकच, म्हणून जागा एक.

सिंधुला दहावीला चौऱ्याण्णव टक्के आहेत. साखराबाई सोयाबीन काढायला जाते, नवरा औशाच्या बाजारात हमाली करतो. ही जागा गेली तर ती औशालाच कला शाखेत बसेल आणि दोन वर्षांत लग्न होईल. हे मी म्हणत नाही, साखराबाई म्हणाली, हवामान सांगावं तसं. जागा पक्क्या करायची मुदत चोवीस जून, पाच वाजेपर्यंत. त्यानंतर उरलेल्या जागा दुसऱ्या जिल्ह्याला देणार.

"मास्तरांनी नाव घातलंय, त्यास्नी इचारा," असं धाकटा जाताना म्हणाला. म्हणून विचारते. दोन भावांना एक नाव कसं? काही असं असेल का, ज्यानं ती दोन कुटुंबं ठरतील?

तुमची
नाजिया


नांदेड, १२ जून २०२३

चि. नाजिया,

आशीर्वाद. एकसष्ट पोरांतलं कोण कोण म्हणून आठवणार? वय झालं.

तू चुकीच्या ठिकाणी खणते आहेस. प्रश्न त्या घराचा नाही, नियमाचा आहे. दुःखाला कुटुंबाप्रमाणे एकेक कूपन वाटणारा हा नियम कुणी केला? ज्याचं घर गेलं त्याची दोन्ही पोरं बेघर असतात, एक नव्हे. तू त्या व्यवस्थापकाला जाब विचार. लेखी विचार. मसुदा हवा तर मी देतो, असा देतो की त्याला रात्रीची झोप येणार नाही. सर्वेशलाही सांग, की यंत्राच्या आड लपणारा माणूस यंत्राहून हलका असतो.

पण बिराजदारांच्या घरात डोकावू नकोस. कुणाला काय नाव ठेवलं हा आईचा अधिकार आहे.

उन्हं अजून उतरलेली नाहीत. पाणी पीत जा.

उद्धव कंधारकर


लातूर, १५ जून २०२३

आदरणीय काका,

मसुदा नको. व्यवस्थापकांना मी आधीच लिहिलं होतं. उत्तर दोन ओळींचं आलं, नियम बदलणार नाही.

पंचवीस मेच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, हजेरी एकापासून एकसष्टपर्यंत तोंडपाठ आहे. बारा जूनला लिहिता, आठवत नाही. मधे अठरा दिवस गेले. चाचणीत असं आढळलं तर मी लाल ओळ लावते.

मी पानसळवाडीच्या शाळेला लिहून दाखलखारिज रजिस्टरचा उतारा मागवला. काल मिळाला. नोंद सतरा, नोव्हेंबर १९९३. शिवमूर्ती गुरुपादप्पा बिराजदार, आई पार्वतम्मा, जन्म १ जून १९८६. नोंद बासष्ट, मार्च १९९४. शिवमूर्ती गुरुपादप्पा बिराजदार, आई पार्वतम्मा, जन्म १ जून १९८६. अक्षर दोन्हीकडे तुमचं. बासष्टच्या नोंदीत शाई जास्त दाबलेली दिसते.

सर्वेशनं उतारा बघितला आणि म्हणाला, "मास्तरनं पट फुगवला. एकच पोरगं दोनदा. पट वाढला की एक मास्तर वाढतो." मी म्हणाले, तू त्यांना ओळखत नाहीस. तो म्हणाला, "तू ओळखतेस ना? मग सांग, एका आईची दोन लेकरं, एकाच दिवशी, एकाच नावाची, आणि एक चार महिने उशिरा शाळेत आलं. सांग."

म्हणून हे पत्र.

पट फुगवला का, काका? तसं असेल तर तसं सांगा. मला फक्त उत्तर हवं आहे, हिरवं असो की लाल. नऊ दिवस राहिले.

नाजिया


नांदेड, १९ जून २०२३

चि. नाजिया,

पट फुगवला नाही. त्याहून मोठं केलं.

गुरुपादप्पाच्या घराला लागून इराण्णा कोळप्यांचं घर होतं. भिंत एकच. भूकंपात इराण्णा गेला, बायको, आई आणि दोन मुली गेल्या. सहा वर्षांचा मुलगा कणगीच्या आडोशाला वाचला. लोकांना तो दुसऱ्या दिवशी सापडला, तोवर मेलेल्यांची यादी लिहून तालुक्याला गेली होती. त्या यादीत सहाही नावं आहेत. गावातली शिकलेली माणसं थोडी, ती यादी मी वाचली होती. दुरुस्त केली नाही. करीन करीन म्हणत राहिलो.

पार्वतम्माचा नवरा गेला आणि मुलगा शिवमूर्ती सापडलाच नाही. शेडमध्ये इराण्णाचं पोर तिच्या शेजारी झोपायचं. बोलत नव्हतं. ती त्याला शिवा म्हणून हाक मारायला लागली. एके दिवशी त्यानं ओ दिली. शाळा उघडली तेव्हा ती त्याचं बोट धरून आली. "शिवमूर्ती गुरुपादप्पा. लिवा, मास्तर." रांगेत मागे गाव उभं होतं. कुणी काही बोललं नाही. मी लिहिलं. नोंद सतरा.

मार्चमध्ये तिचा खरा शिवमूर्ती जीपमधून आला. सोलापूरच्या एका दवाखान्यात पाच महिने होता, खुबा मोडलेला, त्याच्या कागदावर भलत्याच गावाचं नाव पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो आणि म्हणालो, पार्वतम्मा, आता पहिल्याचं नाव नीट करू. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "ह्यानं चार म्हयने ओ दिलीया त्या नावाला. काढून घिऊ? मग त्येनं कशाला ओ द्यायची?" मी म्हणालो, दोघांना एक नाव कसं? "दोन पोरं, दोन ताटं. नाव एक असलं तर काय उपाशी ऱ्हाईल का कुणी?" मी बासष्टावी नोंद केली. ती जिवंत आहे तोवर हे कुणापुढे बोलणार नाही, असं कबूल केलं.

मी शेकडो सभांत सत्यावर बोललो आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही नोंद त्या सगळ्या वर्षांत पुठ्ठ्याच्या आत होती.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. सिंधु इराण्णा कोळप्यांची नात आहे. त्या कुटुंबाच्या नावानं आजवर कुणी काही मागितलं नाही, कारण कागदावर त्यात कुणी उरलंच नाही. ती जागा तिची आहे. पण ती मिळवायला कुणीतरी म्हणावं लागेल, की धाकटा शिवा पार्वतम्माचा नाही.

परवा मी पानसळवाडीला गेलो. पार्वतम्माला सगळं सांगितलं. मला नीट ऐकू येत नाही म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि तिला मोठ्यानं बोलायचं नव्हतं. शेवटी बाहेरून बोलावलेल्या तिच्या नातीनं माझ्या वहीत लिहून दिलं. कुठल्या नातीनं ते मी विचारलं नाही. एवढंच होतं, "आजी म्हणती, चहा घ्या आणि जावा."

मी चहा घेतला आणि आलो.

सोबत माझं सहीचं निवेदन आहे. दोन्ही नोंदी मी केल्या, पहिली खोटी आहे हे ठाऊक असताना केली, असं त्यात लिहिलं आहे. पुढे जी चौकशी व्हायची ती माझी होईल. मात्र पार्वतम्मा हो म्हणत नाही तोवर हा कागद बाहेर काढू नकोस. ती नाहीच म्हणाली तर फाडून टाक. पोरीची जागा गेली तरी. मी हे शांतपणे लिहितो आहे.

उद्धव कंधारकर


लातूर, २५ जून २०२३

आदरणीय काका,

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. निवेदन मी खणात ठेवलं, सर्वेशला दाखवलं नाही.

शुक्रवारी दुपारी तो जेवायला गेल्यावर मी काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. कुटुंब वेगळं दाखवून सिंधुचा अर्ज थेट आत टाकणारी ओळ. मला तसं करता येतं, तपासणारीला सगळ्या किल्ल्या द्याव्या लागतात. कुणाला कळलं नसतं. ओळ पुसली. कुटुंबाच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं ते मला माहीत होतं, पण ते मी घ्यायचं नव्हतं.

काल, शनिवारी, अकरा वाजता पार्वतम्मा आल्या. सोबत दोन्ही शिवमूर्ती, साखराबाई आणि सिंधु. महानंदा आली नव्हती. जिना चढून त्यांना दम लागला होता. सर्वेशनं स्वतःची खुर्ची दिली.

"मास्तरांची पोरगी कोणती?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, मी त्यांच्या दोस्ताची.

"येकच झालं. लिवून घे."

आदल्या दिवशी घरात काय झालं, ते त्यांनी सांगितलं. थोरला शिवा म्हणाला, महानंदाची जागा सिंधुला द्या, हिला मार्क जास्त आहेत. धाकटा म्हणाला, मी भावाच्या पोरीचं हिसकावणार नाही. दोघं देण्यावरून भांडले. दोन तास. तेव्हा थोरल्याची बायको चुलीपुढून उठून म्हणाली, "माझ्या पोरीचं कशाला देता? तसंबी ते कुठं ह्या घरचं हाय?"

"दोन्ही पोरींनी ऐकलं," पार्वतम्मा म्हणाल्या. "तीस वर्सं झाकलं, आन् तिनं पिठाच्या हातानं उघडं केलं. आता घरात बोललंच गेलंय, तर मग हितं बोलते. फुकट कशाला बोललेलं जाऊ द्यायचं?"

थोरला खाली बघत होता. "माय, तिच्या मनात तसं नव्हतं."

"मनात नव्हतं तर तोंडात कुठनं आलं? गप."

सर्वेशला मी निवेदन दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं. तुमच्याविषयी तो काही बोलला नाही, मीही त्याला बोलायला लावलं नाही. त्यानं क्लासला फोन केला. मेलेल्यांची सरकारी यादी त्यांच्या फाइलमध्ये होतीच. इराण्णा कोळपे, सहा नावं. व्यवस्थापकांनी ती काढून बघितली. मग म्हणाले, नियम भूकंपग्रस्त कुटुंबाचा आहे आणि हे कुटुंब यादीत आहे. आजींचा अंगठा आणि मास्तरांचा कागद असेल तर आम्हाला पुरे. सरकारी कागदांचं तुमचं तुम्ही बघा.

पण खिडकी ऐकत नव्हती. नाव आणि तारीख सारखी दिसली की ती सिंधुला एकोणीस क्रमांकातच ढकलत होती. मी आधी नवी चाचणी लिहिली. नाव सारखं, तारीख सारखी, गाव सारखं, मूळ कुटुंब वेगळं. अपेक्षित उत्तर, दोन. ओळ लाल आली. येणारच होती. सर्वेशनं शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि जुना नियम काढून मूळ कुटुंबप्रमुखाच्या नावाचा रकाना घातला. तोवर मंडळी बाकावर बसून होती. साखराबाईनं धपाटे काढले, आम्हालाही दिले. चार वाजून दहा मिनिटांनी ओळ हिरवी झाली. मग मी खरा अर्ज भरायला घेतला.

"मूळ कुटुंबप्रमुख?"

पार्वतम्मा म्हणाल्या, "इराण्णा. इराण्णा भीमाशंकर कोळपे. लई भला माणूस. भिंतीवरनं कोथिंबीर द्यायचा." तीस वर्षांत त्यांनी हे नाव घेतलं नव्हतं, असं साखराबाईनं मला नंतर सांगितलं. धाकट्यानं बापाचं नाव ऐकलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर क्लासचा बोर्ड आहे, बाकी काही नाही.

"पालकाचं नाव?" मी विचारलं. "लहानपणी दुसरं काही नाव होतं का? ते घालायचं का?"

त्यानं आईकडे बघितलं.

"हुतं," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय. त्याला हवं आसल तर सांगते."

"नको," तो म्हणाला.

"मग शिवमूर्तीच लिव. ते म्या ठिवलंय. बाप त्येचा लाव."

मी लिहिलं, शिवमूर्ती इराण्णा कोळपे. असं नाव त्या क्षणापर्यंत कुठल्याच कागदावर नव्हतं. ओळ पाठवली. या वेळी उत्तर दोनशे आलं नाही, दोनशे एक आलं. दोनशे म्हणजे मिळालं, ठीक आहे. दोनशे एक म्हणजे जे आधी नव्हतं ते तयार झालं. खाली छोट्या अक्षरांत होतं : नवीन कुटुंब नोंदवले. कुटुंबप्रमुख इराण्णा भीमाशंकर कोळपे. हयात सदस्य तीन. जागा एक.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सिंधुनं आईचा पदर धरला होता, एवढी मोठी मुलगी.

पार्वतम्मा उठून पडद्याजवळ आल्या. त्यांना वाचता येत नाही, तरी नीट निरखून बघितलं.

"माझं नाव कुठं हाय ह्यात?"

"ह्या कुटुंबात नाही, आजी."

"बरं," म्हणाल्या.

पाच वाजता मंडळी निघाली. आमच्या जिन्याची तिसरी पायरी फुटलेली आहे, सर्वेश ती दुरुस्त करीन म्हणतो आणि करत नाही. धाकटा शिवा दोन पायऱ्या खाली उतरून मागे वळला.

"माय, हितं मोडलंय. हात दे."

त्यांनी दिला.

तुमची
नाजिया